अपलिफ्टिंग ट्रान्स ऐकताना अंगावर काटा का येतो?

अपलिफ्टिंग ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकाराचा एखादा पूर्ण लांबीचा ट्रॅक घड्याळ लावून ऐका. नाचाचं संगीत म्हणवणाऱ्या या प्रकारात मधली जवळजवळ दोन मिनिटं नाचण्यासारखं काहीच वाजत नाही. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) बंद, बेस (खर्जातला सूर) बंद. नुसते लांबवलेले सूर, एखादा पियानो, कधी गायिकेचा आवाज. लोक हात वर करतात, डोळे मिटतात, काही जण रडतातही, तो क्षण नेमका या उपासानंतर येतो.

बहुतेकांना वाटतं की ही वेगाची आणि आवाजाची कमाल आहे. पण वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच असतो, आणि निव्वळ आवाजावर अंगावर काटा आला असता तर मिक्सर लावल्यावरही आला असता. खरी करामत वेगळी आहे: ऐकणाऱ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं, ते कधी परत मिळणार हे त्याला अचूक कळू द्यायचं आणि तोवर थांबवून ठेवायचं. बाकी सगळी यंत्रसामग्री या एका कामासाठी राबते.

आधी नावांचा घोळ मिटवू. ट्रान्स १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत, मुख्यतः फ्रँकफर्ट आणि बर्लिनच्या क्लबांमध्ये आकाराला आला. त्याची सुरेल, कॉर्डांवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांवर) उभी असलेली शाखा दशकाच्या शेवटी वेगळी झाली, ती अपलिफ्टिंग. हिचा वेग साधारण १३२ ते १४० बीपीएम (मिनिटाला बीट). हल्ली १३८ हा जवळपास ठरलेला आकडा. आपल्याकडे ‘ट्रान्स’ म्हटलं की हणजुणचा किनारा आठवतो, पण गोवा ट्रान्स हे वेगळं प्रकरण आहे. तिथे एकाच सुराभोवती वळवळणाऱ्या ओळींचे थर रचतात. कॉर्ड बदलून मन हलवणं हा त्याचा मुख्य उद्योग नाही. तरी नात्याचा एक धागा आहे. अपलिफ्टिंग आणि प्रोग्रेसिव्ह ट्रान्समध्ये दबदबा असलेलं लंडनचं ‘अंजुनाबीट्स’ हे लेबल २००० साली सुरू झालं, आणि त्याचं नाव आपल्या हणजुणवरूनच घेतलेलं आहे.

डग्गा मिटतो तेव्हा

१३८च्या वेगात एक बीट ०.४३५ सेकंदाचा. चार बीटचा एक बार, म्हणजे १.७४ सेकंद. चार बार म्हणजे सोळा मात्रा. तीनतालाचं एक आवर्तन इथे सात सेकंदांत संपतं. सगळी रचना आठ, सोळा आणि बत्तीस बारच्या ठोकळ्यांत चालते. सोळा बार म्हणजे सुमारे २८ सेकंद, बत्तीस म्हणजे ५६.

एक नेहमीचा आराखडा असा. पहिले ९६ बार, म्हणजे २ मिनिटं ४७ सेकंद, किक, हाय-हॅट, बेस आणि मुख्य धुनेची पुसटशी चाहूल. मग ६४ बारचा ब्रेकडाउन (किक-बेस नसलेला भाग), ज्यातले शेवटचे १६ बार बिल्ड-अपचे (ताण चढवत नेणारे). त्यानंतर ६४ बारचा क्लायमॅक्स, आणि शेवटी डीजेला पुढचा ट्रॅक जोडता यावा म्हणून ३२ बार नुसता ताल. एकूण २५६ बार, ७ मिनिटं २५ सेकंद. सगळेच ट्रॅक या मापाचे नसतात, पण प्रमाण फारसं हलत नाही.

सुरुवातीची पावणेतीन मिनिटं वरवर कंटाळवाणी वाटतात, आणि रेडिओवाल्यांची कात्री सर्वांत आधी तिथेच चालते. पण त्याच काळात शरीराला सवय लागते. दर ०.४३५ सेकंदाला छातीवर एक ठोका, सलग ३८४ वेळा. ब्रेकडाउनमध्ये तो ठोका थांबतो तेव्हा पुढचे अडीचशे ठोके शरीर मनातल्या मनात वाजवत राहतं.

तीनताल ठाऊक असलेल्यांना ही युक्ती नवी नाही. ‘धा धिं धिं धा’ चालू असताना खालीला ‘तिं तिं ता, ता’ येतं, तेव्हा डग्ग्याची गूंज मिटते. सम जवळ आली की ‘धिं धिं धा’ बरोबर ती परत येते. खाली म्हणजे ताल थांबणं नव्हे, खर्ज काढून घेणं. ट्रान्सचा ब्रेकडाउन म्हणजे पावणेदोन सेकंदांऐवजी पावणेदोन मिनिटं ताणलेली खाली.

उदास सूर, चढती पायरी

नाव ‘अपलिफ्टिंग’ असलं तरी यातले बहुसंख्य ट्रॅक मायनर स्केलमध्ये असतात. आपल्या भाषेत आसावरी थाटाचे सूर: गंधार, धैवत, निषाद कोमल, बाकी शुद्ध. अमेरिकी संगीतकार सॅम्युएल बार्बर यांची १९३६ची ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ ही व्हायोलिन कुळातल्या वाद्यांची संथ रचना तिकडे शोकप्रसंगी वाजवली जाते. फेरी कॉर्स्टेनच्या रीमिक्समधून आणि पुढे टिएस्टोच्या आवृत्तीतून तीच ट्रान्सच्या सर्वांत गाजलेल्या धुनांपैकी एक झाली. सूर तेच राहिले. बदललं ते खालचं तालाचं इंजिन.

हे कसं घडतं ते पेटीवर पाहता येतं. पांढरी सहाला षड्ज धरा. चार कॉर्ड वाजवायच्या:

सा – कोमल ग – प
कोमल ध – सा – कोमल ग
कोमल ग – प – कोमल नी
कोमल नी – रे – म

पाश्चात्त्य नावांनी याच ए मायनर, एफ, सी आणि जी. या चौकडीवर, क्रम बदलून, असंख्य ट्रॅक उभे आहेत. आता एक गंमत करा. चारही कॉर्ड बदलताना कोमल गंधार सोडायचाच नाही, तो धरून ठेवायचा. पहिल्या कॉर्डवर तो हळवा वाटतो, कारण मायनरचं मायनरपण त्याच्यामुळेच असतं. दुसरीवर तो पंचमाच्या जागी जातो, भक्कम होतो. तिसरीवर तो स्वतःच षड्ज बनतो. आणि चौथीवर तो पाहुणा ठरतो, कॉर्डमध्ये त्याला जागाच नाही. तो खाली ऋषभावर उतरू पाहतो. ही उतरण्याची ओढ जितकी रोखाल तितका ताण वाढतो. सूर एकच, पण त्याचं नातं चार वेळा बदललं.

आपल्या रागसंगीतात षड्ज हलत नाही, त्यामुळे सुरांची नातीही पक्की राहतात आणि रंग भरतो तो सुराच्या लगावातून. इथे उलट: सूर जागीच, जमीन सरकते. म्हणून ट्रान्सच्या धुना कागदावर फार साध्या दिसतात. सहा-सात सूर, बरेचसे शेजारशेजारचे, मध्येच एक मोठी उडी. नवखे लोक इथेच फसतात. त्यांना धून ‘भरगच्च’ हवी असते, आणि सोळा बारमध्ये ते पन्नास सूर कोंबतात. सूर टिकलाच नाही तर खालची कॉर्ड बदलल्याचा परिणाम जाणवायला वेळच मिळत नाही. मुख्य सूर किमान दोन बीट, म्हणजे जवळपास एक सेकंद, थांबला पाहिजे. सर्वांत उंच सूर सोळापैकी अकराव्या ते चौदाव्या बारच्या आसपास ठेवतात. पहिल्याच बारमध्ये तो खर्च केला तर चढायला काही उरत नाही.

क्रमालाही अर्थ आहे. क्लायमॅक्सला बरेचदा आवर्तन ए मायनरने सुरू न करता एफने सुरू करतात: एफ, जी, मग ए मायनर. बेसचा सूर कोमल ध, कोमल नी, सा असा एकेक पायरी चढत घरी येतो. ‘अपलिफ्टिंग’ हे नाव कोणी कशावरूनही ठेवलेलं असो, कानाला ऐकू येणारा चढ प्रत्यक्षात हाच. शिवाय घर आवर्तनाच्या तोंडाला मिळत नाही, मध्ये कुठेतरी मिळतं आणि लगेच सुटतं. चौथ्या जागी पुन्हा जी टाकली की ऐकणारा पुढच्या फेरीत आपोआप ढकलला जातो.

सात करवतींचा आवाज

धून आणि कॉर्ड पियानोवरही तशाच राहतात, मग तो आभाळभर पसरलेला आवाज येतो कुठून? रोलँड कंपनीने १९९६ साली जेपी-८००० हा सिंथ (सूर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तयार करणारं वाद्य) आणला. त्यात ‘सुपर सॉ’ नावाचा एक तरंग होता. सॉ म्हणजे करवत, तरंगाचा आकार करवतीच्या दात्यांसारखा असतो म्हणून. असे सात तरंग एकाच वेळी, पण एकमेकांपासून किंचित बेसूर करून वाजतात. एक मधला मुख्य, बाकीचे सहा त्याच्या वरखाली, असमान अंतरांवर.

तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा लावताना दोन्हींत जरासा फरक राहिला की आवाज लाटांसारखा हलतो, हे आपण ऐकलेलं असतं. तिथे ती लाट घालवायची असते. सुपरसॉमध्ये तिचंच पीक काढतात. ४४० हर्ट्झच्या सुराशेजारी २० सेंट चढा सूर ठेवला (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) तर फरक सुमारे ५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पाच लाटा. सात तरंगांच्या मिळून एकवीस जोड्या होतात, प्रत्येकीची लाट वेगळ्या गतीची. कानाला वेगवेगळ्या लाटा मोजता येत नाहीत. त्याला अनेक वाद्यं एकत्र वाजत असल्यासारखं वाटतं.

घरी करायचं तर ‘व्हायटल’सारखा मोफत सिंथही पुरतो. सॉ तरंग घ्या, युनिसन (एका सुराचे एकत्र वाजणारे आवाज) सात, डिट्यून असा की कडेचे आवाज १५ ते २५ सेंटवर राहतील, आणि स्टीरिओमध्ये पसरवा. दुसरा ऑसिलेटर (तरंग काढणारा भाग) एक सप्तक वर, ६ डेसिबलने हलका. अटॅक (सूर उठायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद, रिलीज (विरायला लागणारा) ३०० ते ४००. हाय-पास फिल्टर १५०-२०० हर्ट्झवर, म्हणजे खालची जागा बेसला मोकळी राहील. डिले (प्रतिध्वनी) ठिपक्याच्या आठव्या भागावर, म्हणजे पाऊण बीटवर, १३८च्या वेगात ३२६ मिलिसेकंद. मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब (घुमणारा आवाज) अडीच ते चार सेकंद, प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीची उसंत) २० ते ४० मिलिसेकंद. प्री-डिले नसेल तर सुराची धार रिव्हर्बमध्येच बुडते.

आता काय बिघडतं ते. एक: सातही तरंग प्रत्येक सुराला एकाच बिंदूपासून सुरू होतात, आणि प्रत्येक सुराच्या तोंडाशी ‘झ्याप’ असा आवाज येतो. सिंथमध्ये फेज (तरंग कुठून सुरू होतो तो बिंदू) रँडम ठेवा, जातो. दोन: हीच युक्ती बेसवर केली जाते. ५५ हर्ट्झला २० सेंट म्हणजे फक्त ०.६४ हर्ट्झचा फरक. लाट दीड सेकंदाची होते आणि बेस एका किकला भरघोस, पुढच्या दोन किकना गायब. म्हणून १२० हर्ट्झच्या खाली एकच तरंग आणि तोही मोनो (दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच). तीन: पॅड (मागचे लांबवलेले सूर), लीड (मुख्य धून) आणि प्लक (तुटक सूर) तिन्ही सुपरसॉच. २०० ते ५०० हर्ट्झमध्ये सगळं साचतं आणि हेडफोनवर भव्य वाटणारा ट्रॅक मोठ्या स्पीकरवर गढूळ होतो. मोनोचं बटण दाबून पाहिलं की लगेच कळतं. लीड निम्मी झाली तर पसरवण्यात अति झालेलं आहे.

किक आणि पॅड एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून साइडचेन कॉम्प्रेशन लावतात: किक वाजली की पॅड ६ ते १० डेसिबल दबतो आणि परत वर येतो. परतीची वेळ महत्त्वाची. ऑफ-बीट किकनंतर २१७ मिलिसेकंदांनी येतो, तोवर पॅड वर आलेला हवा. रिलीज १५० ते २०० मिलिसेकंद ठेवला की जमतं. मग दर दोन किकच्या मधे, जिथे उघडा हाय-हॅट आणि बेसचा उसळता सूर असतो, तिथेच पॅडही फुगतो. पाय खाली पडतो किकला, आणि शरीर वर उचललं जातं ते या मधल्या जागी. रिलीज लांब राहिला तर पॅड पुढच्या किकपर्यंत वर येतच नाही आणि ट्रॅक दमलेला वाटतो.

बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस

बिल्ड-अपच्या सोळा बारमध्ये स्नेअर ड्रमचा रोल असतो. त्याचं गणित देखणं आहे. पहिले आठ बार दर बीटला एक ठोका: ३२ ठोके. पुढचे चार बार दुगुन: पुन्हा ३२. पुढचे दोन बार चौगुन: ३२. पंधरावा बार अठगुन: ३२. ठोके तेवढेच, वेळ दरवेळी निम्मा: १४ सेकंद, ७, साडेतीन, पावणेदोन. शेवटच्या टप्प्यात सेकंदाला अठरा ठोके पडतात. तिथे कानाला सुटे ठोके कळेनासे होतात आणि रोलचा एकसंध खर्रर्र आवाज होतो. आणि सोळावा बार जवळपास रिकामा. एखादा शब्द, एखादा सूर, किंवा नुसता रिव्हर्बचा शेवट. १.७४ सेकंद.

पाय मोजणारी लय इथे तसूभरही वाढलेली नसते. दुगुन-चौगुन म्हणजे लय वाढवणं नव्हे, हे तबल्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, तेच इथे. पण प्रत्येक टप्पा आधीच्याच्या निम्मा झाल्यामुळे ऐकणाऱ्याला न मोजता कळतं की हे कुठे संपणार. तिहाईच्या तिसऱ्या पल्ल्याला सगळी बैठक समेकडे डोळे लावून बसते, तसंच. रोल बेहिशोबी असेल, उदाहरणार्थ अकरा बार, तर अंदाज चुकतो आणि ड्रॉप, म्हणजे किक-बेस परत येण्याचा क्षण, धक्क्यासारखा येतो. धक्का बसतो, सुख होत नाही.

याच वेळात फिल्टर उघडत जातो: कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज फिल्टर अडवतो ती मर्यादा) ३०० हर्ट्झपासून १२-१५ हजारांपर्यंत. कान वारंवारता पटींत मोजतो, बेरजेत नाही. त्यामुळे हर्ट्झ सरळ रेषेत वाढवले तर पहिल्या दोन-चार बारमध्येच सगळं उघडून बसतं आणि नंतर काही घडत नाही. ऑटोमेशन पटींत चढलं पाहिजे. बऱ्याच सिंथची बटणं मुळातच तशी असतात, पण काही इक्वलायझरची नसतात, तेवढं तपासून घ्यावं. शेवटच्या चार बारमध्ये जे वाजतं त्या सगळ्याचाच १५०-२०० हर्ट्झखालचा भाग काढून टाकतात. ड्रॉपला बेस परत आला की तो होता त्याहून मोठा भासतो. मोठा केलेला नसतो.

ड्रॉपच्या पहिल्या ठोक्यावर आधीच्या रिव्हर्बचं शेपूट सांडलेलं असलं तर मात्र सगळी मेहनत पाण्यात जाते. रिव्हर्ब शेवटच्या बीटला कापावा. दुसरी नेहमीची चूक मास्टरिंगमधली: ब्रेकडाउन क्लायमॅक्सपेक्षा ३ ते ६ डेसिबल हळू हवा, पण लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) इतका दाबतात की दोन्ही सारखेच जोरात होतात. मग ड्रॉपला नुसता किकचा आवाज वाढतो, बाकी काही नाही.

मेंदूत काय चालतं

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना त्यांनीच निवडलेलं, अंगावर काटा आणणारं वाद्यसंगीत ऐकवलं आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. आनंदाच्या शिखरक्षणी डोपामिन मेंदूच्या एका भागात वाढलं, आणि त्याआधीचे काही सेकंद, वाट पाहताना, दुसऱ्या भागात. म्हणजे वाट पाहणं हीदेखील बक्षिसाचीच एक बाजू आहे, फक्त तिचं खातं वेगळं. प्रयोग ट्रान्सविषयी नव्हता. पण ट्रान्सची रचना पाहिली तर वाट पाहण्याला इतका लांब आणि इतका नेमका वेळ देणारे लोकप्रिय प्रकार थोडेच सापडतील.

गर्दीत हे आणखी वाढतं, कारण सोळा बारची शीव सगळ्यांनाच कळते. हजार अनोळखी माणसं एकाच क्षणी श्वास रोखतात आणि एकाच ठोक्याला सोडतात. प्रकाशयोजना करणारेही तीच शीव पाळतात. दिवे अर्धा बार आधी पेटले तर ड्रॉप फुकट जातो. डीजेचं कामही बरंचसं आवर घालण्याचं असतं. लागोपाठ तीन शिखरं वाजवली की तिसऱ्याला हात वर जात नाहीत, म्हणून जाणते डीजे दोन मोठ्या ब्रेकडाउनच्या मध्ये एखादा नुसता घोळवत नेणारा, कॉर्ड न बदलणारा ट्रॅक ठेवतात.

मोबाइलच्या स्पीकरवर हा प्रकार ऐकून ‘यात एवढं काय आहे’ असं वाटलं तर तो ऐकणाऱ्याचा दोष नाही. त्या स्पीकरमधून दोनशे हर्ट्झखालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही, म्हणजे जे काढून घेतलं ते कळत नाही आणि जे परत मिळालं तेही नाही. बऱ्यापैकी हेडफोन लावा, आणि प्लेलिस्टमधली साडेतीन मिनिटांची ‘रेडिओ एडिट’ सोडून ‘एक्स्टेंडेड मिक्स’ असं लिहिलेली आवृत्ती शोधा. रेडिओ एडिटमध्ये ड्रॉप तोच असतो, पण सवय लावणारे पहिले ९६ बार कापून आठ-सोळावर आणलेले असतात.